दोन फुटांना एक बोट कमी

अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतीतल्या न्यू टॅव्हिस्टॉक गावात दोन फूट रुंदीची फळी शोधूनही सापडली नसती. घरांच्या जमिनींना, भिंतींना, दारांना, अगदी पास्टरांच्या पलंगालाही ज्या फळ्या होत्या, त्या सगळ्या दोन फुटांना एक बोट कमी. गावाभोवतीचे पाइन मात्र असे, की तीन माणसांनी हात धरले तरी कवेत मावायचे नाहीत. एवढ्या जाड झाडांतून एवढ्या अरुंद फळ्या निघतात कशा, असं परक्या माणसाने विचारलं, की गावातला माणूस आभाळाकडे बघायचा आणि यंदा थंडी लवकर पडणार असं म्हणायचा.

कायदा असा होता, की बुंध्याशी दोन फुटांहून जाड असलेला प्रत्येक पाइन इंग्लंडच्या राजाचा. त्याच्या आरमाराला डोलकाठ्या लागत. झाड तुमच्या शेतात असो नाहीतर तुमच्या गोठ्यावर वाकलेलं असो, राजाचा माणूस यायचा, कुऱ्हाडीच्या तीन घावांनी त्यावर बाणाची खूण करून जायचा, आणि त्या दिवसापासून त्या झाडाची सावली तेवढी तुमची. तोडलंत तर दंड इतका, की घरदार विकायची पाळी. ही जंगलं त्याआधी ज्या अबेनाकी आदिवासींची होती, त्यांना ना राजाने विचारलं होतं ना गावाने. पण तो विषय न्यू टॅव्हिस्टॉकमध्ये निघत नसे. कोणी काढलाच, तर पुन्हा थंडी लवकर पडायला लागायची.

तर अशा या सावध गावात कायद्याला राजरोस अंगठा दाखवणारी फळी एकच होती, आणि ती असावी कुठे? सगळ्या वसाहतींत शोधून सापडणार नाही अशा इमानी इंग्रजाच्या घरात. प्रार्थनाघराचे कारभारी, म्हणजे डीकन, जोथम थर्लोंच्या स्वयंपाकघरातलं जेवणाचं टेबल एका अखंड फळीचं होतं, रुंदीला तीन फुटांच्या जवळपास. त्यांच्या सासऱ्यांनी लेकीच्या लग्नात स्वतःच्या हाताने ते करून दिलं होतं. म्हातारा भारी इरसाल. आधी टेबल मांडलं आणि मग त्याच्याभोवती भिंती उभ्या केल्या, म्हणजे कोणी काढून न्यायला आलंच, तर त्याला आधी घर पाडावं लागावं. त्या टेबलावर त्या लेकीने, मेहिटेबलने, वीस वर्षं पीठ मळलं होतं. तिची तीन मुलं त्याच्या कडेला धरून उभं राहायला शिकली होती, आणि त्यातल्या दोघांना गोवराच्या वर्षी त्याच टेबलावर आंघोळ घालून शेवटचे कपडे चढवले होते. आता एकटी थँकफुल उरली होती. कोणी आलं, की मेहिटेबल बोलता बोलता त्या लाकडावरून हात फिरवत राही. आपण असं करतो हे तिच्या लक्षातही येत नसे.

जोथम थर्लो इंग्लंडला ‘घरी’ म्हणायचे. ‘घरी आता मेंढ्या कातरायला घेतल्या असतील,’ असं ते वसंतात म्हणत. ‘घरी असला फालतू बर्फ पडत नाही,’ असं हिवाळ्यात. हे घर त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या वडिलांनीही पाहिलं नव्हतं. आजोबा तेवढे डेव्हन परगण्यातल्या टॅव्हिस्टॉकहून जहाजात बसून आले होते, तेही तिथल्या लोकांशी भांडून. पण भांडणाचा भाग तीन पिढ्यांत गळून गेला आणि टॅव्हिस्टॉक तेवढं उरलं.

राजाच्या करांना चिडून गावाने इंग्लंडचं कापड आणि चहा घ्यायचा नाही असा करार केला, तेव्हा सही न करणारे जोथम एकटेच. “आपल्याच दुकानदाराविरुद्ध कसला आला करार?” ते म्हणाले. त्यांनी लंडनहून मागवलेला केसांचा टोप समुद्रात भिजून आक्रसला होता. तो त्यांच्या डोक्यावर मांजर बसावं तसा बसायचा, आणि मान जोरात हलवली की एका कानावर यायचा. पोरंटोरं हसत. जोथम म्हणत, “हसू द्या. बिचाऱ्यांनी चांगलं काही पाहिलंय कुठे?”

त्या शनिवारी सकाळी त्यांनी न्याहारीच्या वेळी चाकूने ब्रेडवर टकटक केलं. घोषणा करायची असली की ते असं करायचे.

“हिटी, आज दुपारी आपल्याकडे पाहुणे आहेत जेवायला.”

“कोण?” मेहिटेबलने विचारलं.

“मिस्टर लँग्रिश. काल नदीकाठच्या खानावळीत भेटले. अस्सल लंडनचे! बोलणं असं, की ऐकत राहावं. मी म्हटलं, घरापासून इतक्या लांब आलात, एक वेळ तरी आपल्या माणसांत जेवा.”

“आणि हे आपले माणूस इथे काय करायला आलेत?”

जोथमनी ब्रेडचा मोठा तुकडा तोंडात घातला. तो गिळून होईपर्यंत त्यांनी वेळ घेतला.

“राजाच्या जंगलांचे अधिकारी आहेत,” ते म्हणाले.

थँकफुलच्या हातातला चमचा भांड्यात पडला. मेहिटेबल नवऱ्याकडे वळली.

“आणि त्यांना बसवणार कुठे, मिस्टर थर्लो?” रागावली की ती नवऱ्याला मिस्टर थर्लो म्हणायची.

“टेबलाशी. आणखी कुठे बसवतात पाहुण्याला?”

“कुठल्या टेबलाशी?”

“आपल्या घरात टेबलं आहेत तरी किती?”

“एकच आहे. तेच म्हणतेय मी!”

“अगं, हे कायदे चोरांसाठी असतात,” जोथम समजावणीच्या सुरात म्हणाले. “एका इंग्रजाच्या घरी दुसरा इंग्रज जेवायला बसला, की तो खिशातून मोजपट्टी काढत नसतो. हीच तर आपली रीत आहे. तुला घरच्या चालीरीती ठाऊक नाहीत म्हणून वाटतं तुला असं.”

“तुम्हाला ठाऊक आहेत वाटतं?”

पण जोथम तोवर आरशासमोर उभे राहून टोपावर पीठ भुरभुरवत होते. थोड्या वेळाने ते घोड्यावर बसून पाहुण्याला आणायला निघाले. जाताना ओरडले, “आणि पुडिंग मस्त होऊ दे हं! पहिल्या घासालाच त्यांना कळलं पाहिजे की आपण कोण आहोत ते!”

ते वळणाआड होतात न होतात तोच मेहिटेबलचा धाकटा भाऊ पेलेग मागच्या दाराने आत आला. ओढ्यावरची लाकूड कापायची गिरणी त्याची. गावातली प्रत्येक फळी दोन फुटांना एक बोट कमी भरते, याचं श्रेयही त्याचंच.

“ताई, मी ऐकलं ते खरं आहे का?” त्याने विचारलं. “डीकन त्या लांडग्याला जेवायला आणतायत?”

“खरं आहे.”

“अगं, त्या माणसाने काल वरच्या गावात पाळणा मोजला! आतल्या पोरासकट! पोरगं भोकाड पसरून रडतंय आणि हा पट्टी लावतोय. एका घरी त्याने गालिचा उचलला, एका घरी बिछाना. प्यायला पाणी मागतो आणि बाई पाणी आणायला वळली की वाकून बघतो.”

“मी टेबलावर मोठं कापड घालणार आहे. सासूबाईंचं लिननचं.”

“घाल. त्याला उचलायला तेवढंच बरं.”

मेहिटेबल टेबलाजवळ उभी राहिली. चुलीवर मोठ्या भांड्यात पुडिंग पहाटेपासून शिजत होतं. मक्याचं पीठ, काकवी आणि चरबी, फडक्यात घट्ट बांधलेलं. फडक्याचा गोळा उकळत्या पाण्यात उड्या मारत होता. तिचा हात लाकडावरून फिरत होता, आणि आज पहिल्यांदा तिला ते जाणवलं.

“पेलेग,” ती म्हणाली, “करवत आणलीयेस?”

“ताई, हे बाबांनी केलेलं आहे.”

“मला ठाऊक आहे कोणी केलंय ते. बाबांनी मला टेबल दिलं, त्या टेबलापायी मी घर घालवू का? नवरा तर स्वतःच्या पायांनी चोराला नाही, शिपायाला घरात आणतोय. हे घर गेलं तर थँकफुलला घेऊन मी जाऊ कुठे, टॅव्हिस्टॉकला?”

पेलेगने दाराबाहेर टेकवलेली करवत आत आणली. दोघांनी खुंट्या ठोकून काढल्या, फळी उलटी केली आणि दोन बाकांवर आडवी टाकली. पेलेगने मधोमध कोळशाची रेघ ओढली. करवत आधी कोणी लावायची यावर दोघं क्षणभर थांबली. मग मेहिटेबलने बाह्या वर सारल्या आणि करवतीचं एक टोक धरलं. वीस वर्षांचं वाळलेलं लाकूड, पण पातं आत शिरलं तसा असा ताजा वास सुटला, की जणू बाबा कालच ते झाड पाडून अंगणात बसले आहेत. मेहिटेबलच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. “भुसा जातोय डोळ्यांत,” ती म्हणाली. पेलेग म्हणाला, “हो, माझ्याही.” थँकफुल भुसा गोळा करून चुलीत टाकत होती, आणि रडायचं की हसायचं हे न कळून मधूनच खुदकन हसत होती.

कापलेल्या कडा पिवळ्याधमक दिसायला लागल्या. त्यांना डुकराची चरबी आणि धुराड्यातली काजळी चोळली. दोन्ही फळ्या पुन्हा चौकटीवर ठोकल्या. मधे बोटभर फट राहिली, ती पेलेगला काही केल्या बुजेना. वर लिननचं कापड अंथरलं. पेलेग मागच्या दाराने निघून गेला आणि घोड्यांच्या टापा पुढच्या दारी ऐकू आल्या.

मिस्टर लँग्रिश तिशीतले, गोरेपान आणि हसतमुख होते. त्यांच्या बाह्यांना इतकी झालर होती, की त्यात थँकफुलचे दोन पेटीकोट झाले असते. त्यांनी मेहिटेबलला वाकून नमस्कार केला आणि वाकता वाकताच पायाखालची जमीन पाहून घेतली. दोन फुटांना एक बोट कमी. ते गोड हसले.

“सुंदर घर आहे, मॅडम. इतक्या आडरानात असं काही दिसेल असं वाटलं नव्हतं.”

जोथम इतके खुशीत होते, की त्यांचं टेबलाकडे लक्षच नव्हतं. त्यांनी प्रार्थना म्हटली, ती जरा लांबलीच, कारण तीत त्यांनी राजा, राणी आणि राजघराण्यातली सगळी मुलं एकेक करून घेतली. मग मेहिटेबलने पुडिंग आणलं. फडकं सोडल्यावर त्यातून वाफ निघाली. पुडिंग काळपट, चकचकीत, मधोमध लोण्याचा गोळा वितळत असलेलं. मांस चुलीपाशीच होतं. ते नंतर. न्यू टॅव्हिस्टॉकमध्ये गेली शंभर वर्षं आधी पुडिंग, मग मांस.

मिस्टर लँग्रिशनी पुडिंगकडे पाहिलं, मग चुलीकडे पाहिलं, मग पुन्हा पुडिंगकडे.

“हे आधी?” त्यांनी विचारलं.

“आधी,” जोथम छाती पुढे काढून म्हणाले.

“गंमतच आहे! ही रीत इथल्या अबेनाकींकडून उचललीत वाटतं?”

जोथमचं हसू जागच्या जागी थिजलं. “नाही, नाही. ही घरची आहे. टॅव्हिस्टॉकची. माझ्या आजोबांच्या घरची.”

“अच्छा, अच्छा!” मिस्टर लँग्रिशनी चमचा उचलला. “खरं आहे. खेड्यांतून पूर्वी असं वाढायचे असं माझी पणजी सांगायची म्हणे. आता आमच्याकडे कोणी करत नाही. घोड्यांची देखभाल करणारेसुद्धा नाही.” त्यांनी एक घास घेतला, आणि मग न बोलता आणखी चार. “पण चव! वा! आणि मिस्टर थर्लो, तुमचं इंग्रजीसुद्धा फारच चांगलं आहे हं. इथे राहून इतकं जपलंत, कौतुक वाटतं.”

मेहिटेबलने नवऱ्याकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते. टोप डाव्या बाजूला सरकत होता आणि त्यांना त्याचं भान नव्हतं. तिला हसू यायला हवं होतं, कारण वीस वर्षं हे कोणीतरी त्यांना सांगावं अशी तिची फार इच्छा होती. पण हसू आलं नाही. आपल्या माणसाला आपण टोचावं ते वेगळं, आणि परक्याने येऊन टोचावं ते वेगळं.

“इंग्रजी जपावं लागत नाही, सर,” जोथम म्हणाले. “ते आमचंच आहे.”

“अर्थात, अर्थात. तुम्हा अमेरिकन लोकांचं हेच मला आवडतं. तुमचा तो अभिमान!”

“आम्हा कोणाचं?”

“अमेरिकन लोकांचं,” मिस्टर लँग्रिश प्रेमाने म्हणाले आणि ताटली पुढे केली. “आणखी थोडं मिळेल का, मॅडम? माझ्या मामींकडे लंडनला एक अमेरिकन खार आहे. इतकी माणसाळलीये! पाहुण्यांसमोर पंजे जोडून बसते. सगळे म्हणतात, अमेरिकन आहे असं वाटतच नाही.”

थँकफुलने तोंडावर हात दाबला आणि ती दूध आणायला म्हणून बाहेर पळाली. जोथमनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

मांस झालं, सलगम झाले, सफरचंदाची सायडर झाली. मिस्टर लँग्रिशनी राजाच्या नावाने पेला उचलला, जोथमही उभे राहिले. बसता बसता मिस्टर लँग्रिशच्या हातात एक नाजूक हस्तिदंती पट्टी आली. घडीची होती. पहिली घडी उलगडली, दुसरी उलगडली.

“माफ करा हं. उपचार असतो नुसता,” असं म्हणून त्यांनी दुसऱ्या हाताने कापडाची कड चिमटीत धरली.

“सर,” जोथम हळू आवाजात म्हणाले, “तुम्ही माझ्या घरी जेवलात.”

“आणि छानच जेवलो.”

“मी तुम्हाला एक विचारू? मी टॅव्हिस्टॉकला राहत असतो, आणि तुम्ही माझ्याकडे जेवायला आला असतात, तर हे कापड उचललं असतं?”

मिस्टर लँग्रिश खरोखरच चक्रावले. वाईट माणूस नव्हता तो. विचारलं ते त्याला कळलंच नव्हतं.

“टॅव्हिस्टॉकला कशाला उचलीन?” ते म्हणाले. “तिथे इंग्रज राहतात.”

मेहिटेबल चुलीपाशी उभी होती. तिने नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि पुढे काय होणार ते तिला कळलं. “मिस्टर थर्लो!” ती म्हणाली. “बसा. सायडर घ्या. जोथम, बसा!” इतक्या वर्षांत तिने त्यांना पाहुण्यांसमोर नावाने हाक मारली नव्हती. पण जोथम उभे राहिले होते. टोप एका कानावर होता.

“मोजा!” ते गरजले. “उपचार कशाला, नीट मोजा! एक अखंड फळी आहे. तीन फुटांना जेमतेम कमी! माझ्या जमिनीवरचा पाइन, माझ्या सासऱ्यांनी तोडलेला, आणि त्यावर तुमच्या राजाचा बाण होता. बाणासकट तोडला! लिहून घ्या! कोणाकोणाला दाखवायचंय ते दाखवा!”

आणि त्यांनी दोन्ही हातांनी कापड हिसडलं. बशा गेल्या, पेले गेले, उरलेलं पुडिंग थेट मिस्टर लँग्रिशच्या झालरींवर गेलं.

टेबल उघडं पडलं. शेजारीशेजारी दोन फळ्या. मधे बोटभर फट.

एक बशी जमिनीवर गोल गोल फिरत होती, ती शेवटी थांबली. मिस्टर लँग्रिशनी झालर पुसली, वाकून एक फळी मोजली, दुसरी मोजली, आणि पट्टीची घडी करून खिशात टाकली.

“दोन्ही फळ्या कायद्यात बसतात,” ते म्हणाले. आता त्यांना हसू आवरत नव्हतं. “मिस्टर थर्लो, तुम्ही फारच मजेदार लोक आहात बुवा. न केलेल्या गुन्ह्याची बढाई मारणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. घरी सांगितलं तर कोणाला पटणार नाही.” मग मेहिटेबलकडे वळून, अगदी मनापासून, “पुडिंग अप्रतिम होतं, मॅडम.”

ते गेले. टापांचा आवाज ओढ्यापलीकडे विरला. जोथम खुर्चीत बसले होते आणि त्यांनी एक बोट त्या फटीत घातलं होतं.

“कोणी?” त्यांनी विचारलं.

“मी,” मेहिटेबल म्हणाली. “पेलेगने दुसरं टोक धरलं. ओरडायचं असेल तर माझ्यावर ओरडा.”

ते ओरडले नाहीत.

“मी चोर ठरलो असतो ना हिटी, तरी चाललं असतं,” ते म्हणाले. “घर गेलं असतं तरी चाललं असतं. पण तो हसला.”

“तुम्हाला चाललं असतं! मला नसतं चाललं!” आणि मग मेहिटेबलचा बांध फुटला. ती मटकन बाकावर बसली. “माझ्या बाबांचं टेबल होतं हो हे. माझी पोरं इथून गेली. आणि मी माझ्या हातांनी कापलं. कोणासाठी? तुमच्या त्या राजासाठी!”

“माझा कुठला आलाय तो,” जोथम म्हणाले.

दोघांनीही ते ऐकलं. जोथमनी बायकोकडे असं पाहिलं, जणू हे वाक्य खोलीतल्या तिसऱ्याच कोणी उच्चारलं असावं. मग त्यांनी टोप काढून बाकावर ठेवला. त्यांचं डोकं लहान मुलासारखं गुळगुळीत आणि लाल दिसत होतं. मेहिटेबलला त्यांची इतकी दया आली, की तिने उठून त्यांचं डोकं पोटाशी धरलं. बराच वेळ दोघं तशीच राहिली.

मग जोथम उठले आणि थेट कुऱ्हाड घेऊन दाराकडे निघाले. प्रार्थनाघरामागे बाण मारलेला एक पाइन होता, गावातला सगळ्यात जाड. त्यांना तो आत्ताच्या आत्ता पाडायचा होता. पण दार उघडलं तर सूर्य डोंगराआड गेलेला. शनिवारचा सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे देवाचा विश्रांतीचा दिवस, सुरू. शब्बाथला कुऱ्हाड चालवणं हा राजाचा नाही, देवाचा गुन्हा, आणि जोथम काही झालं तरी डीकन होते. कुऱ्हाड भिंतीला टेकवून ते पायरीवर बसले आणि सोमवारची वाट बघायला लागले. बंडखोरी करायला निघालेल्या माणसाला चोवीस तास प्रार्थना करत बसावं लागणं, यासारखी शिक्षा नाही.

रविवारी सकाळी प्रार्थनाघर गच्च भरलं होतं. थँकफुलने मामाला सांगितलं, आणि पेलेगच्या तोंडात तीळ भिजत नसल्यामुळे सगळ्या गावाला सगळं ठाऊक झालं होतं. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, आणि डीकन जोथम थर्लो नेहमीप्रमाणे पास्टरांच्या व्यासपीठाखाली, सगळ्या गावाकडे तोंड करून. टोप नव्हता. लोक त्या उघड्या डोक्याकडे बघत होते आणि एकमेकांना कोपर मारत होते.

मेहिटेबल आपल्या जागेवर हात आवळून बसली होती. घर वाचलं होतं. टेबल गेलं होतं. आता समोर बसलेल्या या माणसाचं काय होणार, हे तिला कळत नव्हतं.

प्रवचन संपलं. पास्टर मोठ्या प्रार्थनेकडे वळले आणि नेहमीच्या जागी आले.

“आणि हे प्रभो, आमचे कृपाळू राजे जॉर्ज यांना दीर्घायुष्य दे.”

पुरुषांच्या बाकांवरून सवयीने पुटपुटल्यासारखं “आमेन” आलं. ज्यांनी ज्यांनी करारावर सह्या केल्या होत्या, जे रोज संध्याकाळी खानावळीत राजाला शिव्या घालायचे, त्या सगळ्यांचं आमेन होतं त्यात. पण पास्टर थांबले होते ते त्यासाठी नव्हे. गेली पंधरा वर्षं या ओळीला डीकनांचं खणखणीत आमेन आल्याशिवाय ते पुढे सरकत नसत.

आमेन आलं नाही.

पास्टरांना वाटलं, डीकनांना डुलकी लागली. ते जरा मोठ्याने म्हणाले, “आमचे कृपाळू राजे जॉर्ज यांना, हे प्रभो!”

जोथमचे डोळे टक्क उघडे होते. तोंड घट्ट मिटलेलं होतं. मेहिटेबल भ्यायली होती, आणि तरीही कुठूनतरी हसू वर येत होतं, ते तिने ओठ चावून दाबलं.

पास्टर व्यासपीठावरून वाकले. “डीकन थर्लो,” ते कुजबुजले, “राजे झाले.”

“ऐकलं मी,” जोथम सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. “पुढचं घ्या, पास्टर.”

पास्टरांनी घसा खाकरला. काही क्षण त्यांना पुढचं आठवेना. मग त्यांनी पिकापाण्यासाठीची प्रार्थना म्हटली. त्या प्रार्थनेला मात्र डीकन थर्लोंचं आमेन एवढं मोठं आलं, की खिडकीबाहेर झोपलेलं पेलेगचं कुत्रं दचकून भुंकायला लागलं.